सरळ गाडी, अरुंद नजर

पावसाळ्यात आलापल्लीच्या स्टँडवर भामरागडकडे निघालेल्या गाडीच्या चालकाला पहिला प्रश्न येतो तो पाण्याचा. "पर्लकोट्याचं पाणी कसं हाय जी?" चालकाला ते ठाऊक नसतं. तिकडून आलेल्या एखाद्या काळी-पिवळीवाल्याने सकाळची स्थिती सांगितलेली असते. पण ही नदी येते छत्तीसगडातून, तिथे तिला कोटरी म्हणतात, आणि तिकडे दुपारपर्यंत किती कोसळला याचा अंदाज आलापल्लीत बसून लागत नाही. "पाहू, निघू तं खरं," असं काहीतरी पुटपुटून चालक गिअर टाकतो. पुढे पेरमिली, ताडगाव, हेमलकसा असे सुमारे 65 किलोमीटर, बहुतेक सगळे जंगलातून. हात स्टेअरिंगवर, पाय ब्रेकपाशी, डोळे रस्त्यावर. डोक्यात मात्र एक ठेंगणा पूल, आणि त्यावरून पाणी वाहतंय की नाही हे तो मनातल्या मनात बघत असतो.

हे मनातल्या मनात बघणं रस्त्यावरच्या बघण्यातून किती वजा होतं? ऐकायला प्रश्न तत्त्वज्ञानाचा वाटतो. पण गेली साठेक वर्षं काही मंडळी तो अगदी सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजत आली आहेत. ही मोजणी झाली केंब्रिजमध्ये, बॉस्टनजवळ, स्पेनमध्ये, युटात आणि आपल्याकडे पवईत. ती सगळी या लेखात मी आलापल्ली-भामरागड रस्त्यावर आणून उभी करणार आहे. तिथे आणली की त्यातली बरीचशी यंत्रं निकामी होतात, आणि एक निष्कर्ष मात्र असा लागू पडतो की वाटावं, तो याच रस्त्यासाठी काढला होता.

सुरुवात 1961 ची. केंब्रिजच्या मानसशास्त्र संशोधन केंद्रातले आयव्हन ब्राउन आणि त्यांचे सहकारी पॉल्टन यांना चालकाचं गाडी चालवणं मोजायचंच नव्हतं. सरावलेला चालक गर्दीतही गाडी नीटच चालवतो, तिथे मोजायला काही सापडत नाही. त्यांनी मोजलं ते गाडी चालवून उरलेलं डोकं. चालकाला आकड्यांची एक रांग ऐकवायची, मग दुसरी, तिच्यात पहिलीपेक्षा एकच आकडा बदललेला. कोणता बदलला ते त्याने गाडी चालवता चालवता सांगायचं. शांत वस्तीच्या रस्त्यावर उत्तरं बरोबर येत, बाजाराच्या रस्त्यावर चुका वाढत. गाडीकडे बघून फरक कळत नव्हता, आकड्यांतून कळत होता. कामाचा भार कामात दिसत नाही, तो बाजूच्या क्षुल्लक कामात दिसतो, ही युक्ती तेव्हापासून आजपर्यंत या विद्येचा कणा आहे.

त्यानंतरचा माणूस जॉन सेंडर्स. त्याचा प्रयोग सांगितला की लोक आधी हसतात. त्याने शिरस्त्राणाला एक अर्धपारदर्शक झडप बसवली. ती डोळ्यांवर पडली की पुढचं काही दिसायचं नाही. क्षणभर वर जायची, पुन्हा पडायची. हे डोक्यावर चढवून तो स्वतः बॉस्टनजवळच्या महामार्गावर गाडी हाकत असे. वेग ठरलेला असेल तर किती वेळा बघावं लागतं, आणि ठरावीक वेळानेच बघायला मिळत असेल तर वेग किती ठेवता येतो, असं दोन्हीकडून त्याने तपासलं. निष्कर्ष 1967 साली छापून आला आणि 2011 साली या उद्योगाबद्दल त्याला इग-नोबेल नावाचं विनोदी पारितोषिकही मिळालं. पण त्यामागचा विचार विनोदी नाही. शेवटचं बघितल्यापासून रस्त्याबद्दलची अनिश्चितता मनात साचत जाते. ती एका मर्यादेपलीकडे गेली की चालकाला बघावंच लागतं. वळणाचा, वर्दळीचा रस्ता असेल तर ती झपाट्याने साचते, सरळ मोकळ्या रस्त्यावर सावकाश.

आता हा हिशेब घेऊन गडचिरोली जिल्ह्यात या. आष्टीकडून आलापल्लीपर्यंतचा रस्ता म्हणजे सुरजागडचं लोहखनिज वाहणाऱ्या ट्रकांचा रस्ता. तिथे अनिश्चितता झडप पडण्याआधीच साचते. समोरून येणारा ट्रक, त्याच्यामागे दुसरा, धुळीत तिसरा, रस्त्याच्या कडेला पंक्चर काढत बसलेला चौथा. एसटीचा चालक इथे डिपर मारतो, हॉर्न देतो, शिव्या हासडतो आणि पूर्ण जागा असतो. आलापल्ली सोडून भामरागडच्या दिशेला वळलं की ट्रकांची ती रांग मागे राहते. डावीकडे उजवीकडे साग, ऐन, बांबू. समोरून एखादी मोटरसायकल, बराच वेळाने एखादी जीप. सेंडर्सच्या हिशेबाने इथे चालकाला कमी वेळा बघितलं तरी भागतं. मोकळं झालेलं डोकं रिकामं बसत नाही, आणि नेमका याच टप्प्यात तो पूल येऊन बसतो.

रस्ता वाईट होता तेव्हा निदान एक होतं: खड्डे चालकाला विचार करू देत नसत. हे मी खड्ड्यांच्या कौतुकासाठी लिहीत नाही. खड्ड्यांच्या रस्त्याने बाळंतिणीला दवाखान्यात नेणं काय असतं ते भामरागड तालुक्याला कुणी शिकवायला नको. पण रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांनी 1908 साली उंदरांवर प्रयोग करून मांडलेली गोष्ट, की ताण फार कमी असला तरी काम बिघडतं आणि फार जास्त असला तरीही, ती चांगल्या रस्त्यावर जास्त कळते.

मग डोकं भरलेलं आहे की रिकामं, हे कळायचं कसं? सगळ्यात सोपा मार्ग विचारण्याचा. अमेरिकेच्या नासाने विमानचालकांसाठी एक प्रश्नावली केली, सँड्रा हार्ट आणि लोवेल स्टेव्हलँड यांनी 1988 मध्ये ती प्रसिद्ध केली, आणि आज ती जगभर वापरली जाते. सहा मोजपट्ट्या: डोक्याला किती काम पडलं, शरीराला किती, वेळेची घाई किती, काम किती साधलं, किती झटावं लागलं, चिडचिड किती झाली. आपापल्या जागी खूण करायची. शहरात, प्रयोगशाळेत ही उत्तम चालते. आलापल्लीच्या स्टँडवर मुक्कामी गाडी घेऊन निघालेल्या चालकाला विचारा, चिडचिड किती होते. उत्तर ठरलेलं असतं: सवय हाय. डोक्याला ताण? सवय हाय. सहाही पट्ट्यांवर एकच खूण. यात लपवाछपवी नसते. ज्याला भाराबद्दल बोलायची सवय नाही तो भार मोजपट्टीवर कसा ठेवणार? शिवाय 2021 च्या ऑक्टोबरपासून पुढल्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत चाललेला एसटीचा संप आठवा. पगार, महामंडळाचं विलीनीकरण, नोकरी टिकेल की नाही, हे विषय चालकाच्या डोक्यात स्टेअरिंगला हात लागण्याआधीच असतात. तो भार या ट्रिपचा की आयुष्याचा, हे प्रश्नावली वेगळं करून सांगत नाही.

दुसरा मार्ग शरीराला विचारण्याचा. 1966 साली डॅनियल कानेमन आणि जॅक्सन बीटी यांनी दाखवलं की आकडे लक्षात ठेवायला सांगितले की माणसाची बाहुली रुंदावते. जितके आकडे जास्त तितकी जास्त, आणि आकडे म्हणून दाखवून झाले की पुन्हा आक्रसते. पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणारे ते हेच कानेमन. तुमचं डोकं किती कामात आहे हे डोळ्यांत बघून कळावं, याहून मोहक मोजमाप दुसरं नसेल. पण ते दिव्याचा उजेड बदलत नाही अशा खोलीत. एप्रिलमध्ये सागाची पानं झडलेली असताना या रस्त्यावर टळटळीत ऊन असतं आणि ऑगस्टमध्ये त्याच ठिकाणी ऊन-सावलीचा असा लपंडाव की बाहुली दर सेकंदाला लहान-मोठी होत राहते. उजेडामुळे होणारा हा बदल विचारामुळे होणाऱ्या बदलाच्या कित्येक पटींनी मोठा असतो. नाडीचे ठोकेही मोजतात, तळहातावरच्या घामाची विद्युतवाहकता मोजतात. अमेरिकेतल्या एमआयटीच्या एजलॅबमध्ये ब्रूस मेहलर, ब्रायन रायमर यांनी आकडे ऐकून एक किंवा दोन आकडे मागचा सांगायचा, असा खेळ चालकांना दिला तेव्हा कठीण पायरीगणिक ठोके आणि घाम दोन्ही चढत गेले. भामरागडच्या उन्हाळ्यात, इंजिनाची धग मांडीला लागत असताना, तळहातावरचा घाम कशाचा ते कोण सांगणार!

तिसरा मार्ग मला सगळ्यात इमानदार वाटतो. चालकाच्या नजरेच्या कडेला एक लहानसा लाल दिवा बसवायचा, किंवा खांद्यावर थरथरणारी एक चकती. दर तीन ते पाच सेकंदांनी, कधी ते न कळता, दिवा लागतो. बोटाला बांधलेलं बटण दाबायचं. बस्स. डोकं मोकळं असेल तर बोट लगेच दाबतं. डोक्यात काही चालू असेल तर उशीर होतो, किंवा दिवा लागून गेलेलाच कळत नाही. अडीच सेकंदांत बटण दाबलं नाही तर ते हुकलं असं धरायचं. नेदरलँड्समध्ये 1990 च्या दशकात सुरू झालेली ही पद्धत 2016 मध्ये आयएसओ 17488 या नावाने आंतरराष्ट्रीय मानक झाली. तिच्यात ब्राउन-पॉल्टन यांचीच युक्ती आहे, फक्त आकड्यांऐवजी दिवा. आणि दिवा नजरेच्या कडेला आहे, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

स्पेनमध्ये मिगेल आंखेल रेकार्ते आणि लुईस नुनेस यांनी 2000 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चालक खऱ्याखुऱ्या रस्त्यांवर गाडी चालवत होते आणि त्यांच्या डोळ्यांची हालचाल कॅमेरा टिपत होता. मधूनमधून त्यांना डोक्यातल्या डोक्यात करायची कामं दिली. काही शब्दांची, काही मनात चित्र उभं करून ते फिरवून बघायची. डोळ्यांना काही काम नव्हतं, हातांनाही नाही. तरी नजर बदलली. एरवी रस्ताभर, कडेला, आरशात, वेगाच्या काट्यावर भिरभिरणारी नजर विजेरीचा झोत आवळावा तशी मधोमध आवळली गेली. आरशात बघणं कमी झालं, काट्याकडे बघणंही. आणि मनात चित्र उभं करायच्या कामात डोळे एकेका ठिकाणी जास्त वेळ खिळून राहत. 2003 मध्ये त्यांनी पुढचं दाखवलं: अशा वेळी आसपास उमटणाऱ्या खुणा चालकाच्या ध्यानात कमी येतात.

मनात चित्र उभं करून बघणं. पुलावर पाणी कुठवर आलं असेल, कठडे दिसत असतील का, अलीकडे किती गाड्या थांबल्या असतील. भामरागडचा चालक ताडगाव सोडल्यावर करतो ते नेमकं हेच काम आहे.

याच्या जोडीला एक उलटी गोष्ट. डोक्यात ओझं असलेला चालक गाडी वाकडीतिकडी चालवेल असं आपल्याला वाटतं. प्रयोगांत बऱ्याचदा उलटंच दिसलं. मार्गिकेतली गाडीची डावी-उजवी डुगडुग अशा वेळी कमी होते. गाडी जास्त सरळ चालते. स्वीडनचे योहान एंगस्ट्रोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये यावर असा खुलासा मांडला की सरावाने अंगवळणी पडलेल्या क्रिया भाराखालीही शाबूत राहतात, आणि ज्यांना त्या-त्या वेळी नवा निर्णय लागतो त्या क्रिया कोसळतात. रस्त्याच्या मध्यावर गाडी राखणं अंगवळणी पडलेलं असतं. अचानक डावीकडून गाय आली तर काय करायचं, हे अंगवळणी पडलेलं नसतं.

हे वाचल्यावर मी एसटीत चालकाच्या मागे, डाव्या बाजूच्या पहिल्या बाकावर बसून जायचं ठरवलं. तिथून समोरच्या आतल्या आरशात त्याचे डोळे दिसतात. पेरमिलीपर्यंत माणूस मस्त होता. मान हलत होती, कडेला गुरं दिसली की नजर जायची, एका आजीला हात दाखवून "खाली जागा हाय" असं सांगून झालं. पुढे एका गावाजवळ रेंज आली. जंगलातून जाणाऱ्यांना हे माहीत आहे: रेंज एकटी येत नाही, मधल्या वेळात साचलेलं सगळं एकदम घेऊन येते. डॅशबोर्डच्या कोनाड्यात, देवाच्या तसबिरीजवळ ठेवलेला फोन थरथरायला लागला. एक, दुसरा, तिसरा. त्याने फोनला हात लावला नाही. कंडक्टरने तिकिटाच्या मशीनवरून मान वर करून विचारलं, "घरचा का?" त्याने मान हलवली. गाव गेलं, रेंज गेली. त्यानंतर बराच वेळ आरशातली ती मान हलली नाही. गाडी मात्र रेषा मारल्यासारखी चालली होती. मागच्या बाकावरचे प्रवासी झोपले. डावीकडच्या पाऊलवाटेवरून सायकलला बांबू बांधलेला एक पोरगा रस्त्यावर आला. बांबूचं टोक सायकलच्या मागे भलतंच लांब आलेलं. ब्रेक लागला, आणि मी दांड्याला धरलं. काही झालं नाही. पोराने मागे वळूनही पाहिलं नाही. मला तो चालक निष्काळजी होता असं अजिबात म्हणायचं नाही. फोन न उचलण्याइतकी काळजी तो घेत होता. त्याने कायद्याचं तंतोतंत पालन केलं होतं.

कायद्याचीच गोष्ट निघाली म्हणून. मोटार वाहन कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाली तेव्हा कलम 184 मध्ये, धोकादायक वाहन चालवण्याच्या व्याख्येत, हातात धरायच्या संपर्कसाधनाचा वापर आला. हातात धरायच्या. फोन कानाशी नको, म्हणजे काम झालं, अशी समजूत त्यातून पसरते. प्रत्यक्षात कॅनडात डोनाल्ड रेडेलमायर आणि रॉबर्ट टिबशिरानी यांनी 1997 मध्येच अपघातांच्या आणि फोनच्या नोंदी ताडून दाखवलं होतं की फोनवर बोलताना टक्कर होण्याचा धोका सुमारे चौपट होतो आणि हात मोकळे ठेवणाऱ्या फोनने त्यात काही सुधारणा दिसत नाही. युटा विद्यापीठाच्या डेव्हिड स्ट्रेयर यांनी पुढे डोळ्यांचा माग काढून दाखवलं की फोनवर बोलणारा चालक रस्त्याकडेच्या फलकाकडे रोखून बघतो आणि नंतर विचारलं तर तो फलक त्याला ओळखता येत नाही. डोळे गेले, मन गेलं नाही.

आपल्याकडचं काम पवईचं. आयआयटी मुंबईत पुष्पा चौधरी आणि प्राध्यापक नागेंद्र वेलगा यांनी गाडीच्या सिम्युलेटरवर 100 परवानाधारक चालकांना बसवलं आणि अचानक पादचारी आडवा येण्याचा प्रसंग दिला. निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. फोनवर साधं बोलत असताना प्रतिक्रियेला लागणारा वेळ 40 टक्क्यांनी वाढला, डोकं खाजवायला लावणारं बोलणं असेल तर 95 टक्क्यांनी. साधा संदेश लिहिताना 137 आणि गुंतागुंतीचा लिहिताना 204 टक्क्यांनी. यातल्या पहिल्या दोन आकड्यांमधलं अंतर मला सगळ्यात बोलकं वाटतं. दोन्ही वेळा फोन तोच, फरक फक्त काय बोलायचं याचा. "पोचलो का" आणि "सावकाराचं काय करायचं" यांत दुप्पट अंतर पडतं, आणि पोलिसाला हे कोणत्या कॅमेऱ्यात दिसणार?

पवईतल्या पडद्यावरचा पादचारी शहरी रस्त्यावरचा आहे. भामरागडच्या वाटेवर जे येतं ते कडेने येतं. गुरं कडेने येतात, चितळं कडेने येतात, संध्याकाळी घराकडे परतणाऱ्या बाया डोक्यावर मोळी घेऊन कडेने चालतात आणि त्यांच्या अंगावर चकाकणारं काही नसतं. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या दिवसांत पहाटेपासून माणसं रस्त्याला असतात. मोहाच्या दिवसांतही. भामरागड अभयारण्य 1997 पासूनचं, 104 चौरस किलोमीटरचं. ऑक्टोबर 2021 मध्ये ओडिशाकडचे रानटी हत्ती छत्तीसगडमार्गे या जिल्ह्यात शिरले. महामार्गावर धोका बहुधा समोर असतो: पुढच्या गाडीचा लाल दिवा, दुभाजक तोडून आलेला ट्रक. तिथे आवळलेली नजर निदान धोक्याच्या दिशेला तरी असते. जंगलातल्या रस्त्यावर आवळलेली नजर नेमकी तिथेच असते जिथे धोका नाही. युरोपातल्या चाचणीतला लाल दिवा मुद्दाम कडेला बसवावा लागला. इथे रस्ताच तसा आहे.

या रस्त्यांवर एक वेगळा भारही वर्षानुवर्षं वाहिला गेला. पुढे आडवं पाडलेलं झाड, नव्याने उकरलेली माती, पुलाच्या मोरीखालची वायर. 1 मे 2019 रोजी, महाराष्ट्र दिनी, कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात 15 पोलीस जवान आणि त्यांच्या खासगी गाडीचा चालक मारले गेले. तो चालक पोलीस नव्हता, भाड्याची गाडी चालवत होता. अशा काळात जिल्ह्यातल्या गाडीवाल्यांची नजर मातीच्या रंगावर असायची. इंग्लंडमध्ये नॉर्मन मॅकवर्थने 1948 मध्ये दाखवलं होतं की घड्याळासारख्या तबकडीवर काटा क्वचित दोन घरं उडी मारतो ते टिपायला बसवलेली माणसं पहिल्या अर्ध्या तासातच चुकायला लागतात. रडारवर बसलेल्या जवानांसाठी केलेला तो अभ्यास. जे क्वचित येतं त्याची सतत वाट बघणं, याने माणूस थकतो, आणि त्या वाट बघण्यात जे नेहमीचं आहे ते नजरेतून सुटतं. सुरुंग शोधणारा डोळा बकरी हुकवू शकतो.

रुग्णवाहिकेचं गणित याहून तंग. 2014 मध्ये राज्यात 108 क्रमांकाची सेवा सुरू झाली. तिच्या चालकाला तिथे पायलट म्हणतात. भामरागड किंवा हेमलकशाहून रुग्ण पुढे न्यायचा तर वाट अहेरी, गडचिरोली, कधी चंद्रपूर. हेमलकशाला 23 डिसेंबर 1973 रोजी बाबा आमटे यांनी लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तिथे दवाखाना उभा केला, तेव्हा रुग्ण खाटेवर घालून, खांद्यावरून, दिवस दिवस चालत आणावा लागे. आता गाडी आहे. पण मागच्या भागात कळा देणारी बाई, नातेवाइकांचा आवाज, डॉक्टरांची हाक, आणि पुढे काच. पायलटचे कान मागे असतात. बोलू नये म्हणून सांगायचं तर कुणाला? एसटीत "वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये" अशी पाटी असते आणि ती शहाणी पाटी आहे. रुग्णवाहिकेत ती लावून उपयोग नाही; तिथे चालकाशी कुणी बोलतच नसतं, तरी सगळं त्यालाच ऐकू येतं.

या पाटीला पुरवणी मात्र जोडायला हवी. सोबत बसलेल्याचं बोलणं फोनइतकं घातक ठरत नाही, असं स्ट्रेयर यांच्याच सहकाऱ्यांना 2008 मध्ये दिसलं. सोबत्याला रस्ता दिसतो, वळण आलं की तो गप्प होतो, गाय दिसली की "गाय" म्हणतो. घरच्या माणसाला फोनवर गाय दिसत नाही. एकसुरी लांब रस्त्यावर पेंगणाऱ्या चालकाला गप्पांनी थोडा वेळ जाग येते, असंही प्रयोग सांगतात. आपले ट्रकवाले क्लीनर कशाला ठेवतात ते त्यांना प्रयोग न करता कळलेलं होतं. परतीच्या रात्रीच्या ट्रिपला कंडक्टरने पुढे येऊन बसावं, ही काही ड्रायव्हरांची साधी मागणी मला म्हणूनच फार शास्त्रशुद्ध वाटते.

आता या जिल्ह्यात हे मोजायचं ठरवलं तर? लाखांचा सिम्युलेटर आलापल्लीला आणायची गरज नाही. याच गडचिरोलीत, शोधग्राममध्ये, डॉ. अभय बंग यांनी लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखण्यासाठी मण्यांचा आणि मिनिटाच्या वाळूच्या घड्याळाचा श्वासमापक केला. आकडे मोजता न येणाऱ्या बायांनी त्यावर बाळांचे श्वास मोजले, आणि त्यांच्या सर्च संस्थेच्या घरोघरीच्या नवजात बाल सेवेचे निष्कर्ष 1999 मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आले. मोजायला यंत्र भारी लागतं असं नाही, हे जगाला सांगायला गडचिरोलीइतका अधिकार दुसऱ्या जिल्ह्याला नाही. एक लाल दिवा, एक बटण, वेळ नोंदवणारी स्वस्त चकती. एसटीच्या डाव्या खांबाला दिवा, चालकाच्या बोटाला बटण, कंडक्टरकडे वही: कुठल्या गावाजवळ रेंज आली, कुठे पाऊस लागला, कुठे कुणी पुलाचं विचारलं. तीच गाडी, तोच चालक, उन्हाळ्यातली एक खेप आणि श्रावणातली एक. पुलाचं पाणी चालकाच्या नजरेतून किती वजा होतं, ते आकड्यात येईल. येणारा आकडा लहान निघाला तर मला आनंदच होईल.

आणि मोजण्याआधी करता येण्यासारखं एक काम आहे, त्याला दिवाही लागत नाही. भामरागडला पुलाजवळ पाण्याची पातळी रोज बघितली जातेच. पाणी चढलं की बातमी होते, 2019 च्या पावसाळ्यासारखं ते बाजारपेठेत शिरलं की राज्यभर होते. तीच पातळी दर दोन तासांनी आलापल्लीच्या स्टँडवर खडूने लिहिली गेली, आणि किती पाण्याला एसटी थांबेल हे वरच्या साहेबांनी आधीच ठरवून दिलं, तर निर्णय चालकाच्या डोक्यातून उतरून फळ्यावर येतो. आज तो निर्णय प्रत्यक्षात त्याच्यावर टाकलेला असतो, आणि पुलाच्या अलीकडे गाडी उभी केली तर प्रवाशांचे बोल त्यालाच खावे लागतात.

दुसरं काम दवाखान्यातलं. फ्रान्समध्ये बोर्दोच्या रुग्णालयात सेड्रिक गालेरा आणि सहकाऱ्यांनी अपघातात जखमी होऊन आलेल्या 955 चालकांना, अपघात होण्याआधी मनात काय चालू होतं, एवढंच विचारलं. विचार किती छळणारा होता तेही विचारलं. ज्यांची चूक होती त्यांच्यापैकी 17 टक्के मनातल्या छळणाऱ्या विचारात गुंतलेले निघाले, ज्यांची नव्हती त्यांच्यात 9 टक्के. 2012 मध्ये हे प्रसिद्ध झालं. भामरागडच्या ग्रामीण रुग्णालयात, हेमलकशाच्या दवाखान्यात, अहेरीत, केसपेपरला हा एक प्रश्न जोडता येईल. तो मराठीत छापून भागणार नाही. विचारणाऱ्याला माडिया यायला हवी, अहेरीत तेलुगू, आणि नदीपलीकडून आलेल्यासाठी छत्तीसगडी. उत्तराला मोकळी जागा ठेवावी. खूण करायच्या चौकटी ठेवल्या तर पुन्हा सगळे "सवय हाय" वरच खूण करतील.